शेऱ्याचा रकाना

एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी एकतीस वर्षं गेली. केसपेपर लावायचे, मागितले की शोधून द्यायचे, पोलीस केस असेल तर कुलपात ठेवायचे. माझ्या नणंदबाई डॉक्टर. सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात त्यांचा दवाखाना आहे. त्या केसपेपर ठेवत नाहीत. पेशंट डोक्यात आणि औषध चिठोऱ्यावर. यावरून आमची दर दिवाळीला खडाजंगी होते.

सहलीची कल्पना त्यांचीच. "वैद्यकी जिथं सुरू झाली म्हणतात ती गावं बघून येऊ, वहिनी."

"मग आपले चरक-सुश्रुत?"

"ते घरचेच आहेत. पाहुण्यांकडेही जावं कधीतरी."

दिवस पहिला, कैरो

तहरीर चौकातल्या जुन्या गुलाबी संग्रहालयात गाईडने विचारलं, आधी काय बघायचं? वन्सं म्हणाल्या, "दातांचा डॉक्टर." त्याला बिचाऱ्याला ममी, सोनं असल्या उत्तरांची सवय. पण घेऊन गेला.

हेसी-रा नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या कोरीव लाकडी फळ्या तिथं आहेत, इ. स. पू. २६५० च्या आसपासच्या. साडेचार हजार वर्षं लाकूड टिकलं ही तिथल्या कोरड्या वाळूची कृपा. त्याच्या एका पदवीचा अर्थ 'दातांच्या वैद्यांचा मुख्य' असा लावतात, म्हणून नावानिशी ठाऊक असलेला जगातला पहिला दंतवैद्य हाच, असं सांगायची पद्धत आहे. पण त्या लिपीत दात आणि हस्तिदंत दोन्हींसाठी सुळाच काढतात. तेव्हा हा गृहस्थ हस्तिदंत कोरणाऱ्यांचा मुकादमही असू शकतो. वन्संचा चेहरा उतरला. मला मात्र त्याच्याजवळचं सामान दिसलं: शाईच्या दोन खळग्यांची पाटी, लेखणीची नळी. डॉक्टर असो नसो, कारकून नक्की होता. माझा दिवस सार्थकी लागला.

तिथंच जेदहोर नावाच्या माणसाचा काळ्या दगडाचा पुतळा आहे. उकिडवा बसलेला, अंगभर मंत्र कोरलेले, तिळाएवढीही जागा मोकळी नाही. साप-विंचू चावला की यावर पाणी ओतायचं, ते मंत्रांवरून ओघळून खाली चौथऱ्यातल्या खळग्यात साचायचं, आणि तेच प्यायचं. मी म्हटलं, "तीर्थच की!" वन्सं म्हणाल्या, "आणि ज्याला गुण येणार नाही तो तक्रार करायला उरणार नाही." पुढचे दहा दिवस मला हेच वाक्य छळणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

रात्री कोशरी खाल्ली. भात, मसूर, मॅकरोनी एकत्र, वर तळलेला कांदा. खिचडी बिघडली तर अशी होईल, पण भूक होती.

दिवस दुसरा, सक्कारा

जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड, सहा टप्पे, साठेक मीटर उंच. दगडात बांधलेली एवढी मोठी वास्तू याआधी कुठंच झाली नव्हती. बांधवून घेणारा इम्होतेप, राजाचा प्रधान. त्याचं नाव कोरलेला राजाच्या पुतळ्याचा चौथरा सापडलाय, त्यामुळे माणूस खरा. त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय पायथ्याशी आहे.

हाच इम्होतेप वैद्यकाचा आद्यपुरुष, असं आम्ही घरून वाचून आलो होतो. पण त्याच्या हयातीतल्या एकाही लेखात औषधाचा शब्द नाही. तो आरोग्याचा देव झाला तो दोनेक हजार वर्षांनी. मग ग्रीक आले आणि 'आमचा वैद्यकीचा देव अस्क्लेपिअस तो हाच' म्हणून मोकळे झाले. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. एखाद्या सज्जनाच्या समाधीपाशी आधी दिवा लागतो, मग नवस सुरू होतात, मग जत्रा भरते आणि दोन पिढ्यांनी तो म्हणे हयातीतच दुखणी बरी करायचा.

दुपारी अंखमाहोरच्या थडग्यात गेलो. सहाव्या राजघराण्यातला हा अधिकारी. थडग्याला 'वैद्याचं थडगं' म्हणतात ते भिंतीवरच्या एका चित्रामुळे. तरण्या मुलांची सुंता चाललीय. एकाचे हात मागून कुणीतरी घट्ट धरलेत, आणि वर लिहिलंय: धरून ठेव, त्याला घेरी येऊ देऊ नकोस. वन्सं बराच वेळ तिथून हलेनात. "छत्तीस वर्षं हेच वाक्य मी कंपाउंडरला म्हणतेय," एवढंच म्हणाल्या.

दिवस तिसरा आणि चौथा, लक्सर

तिसरा दिवस विमानतळांवर गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लक्सरला आम्ही आलो ते इथं नसलेल्या वस्तूसाठी. १८६२ मध्ये एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने या गावात एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी, विकत घेतला. तो आता न्यूयॉर्कमध्ये आहे. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी त्याचं भाषांतर १९३० मध्ये छापलं, आणि मग लोकांना कळलं की हाताशी काय लागलंय. नक्कल इ. स. पू. १६०० च्या सुमाराची आणि मूळ मजकूर त्याहून जुना.

मी त्याचं भाषांतर छापून नेलं होतं. नाईलकाठच्या बाकावर बसून वाचायला घेतलं आणि अंगावर काटा आला. कारण ते केसपेपर आहेत. तब्बल ४८. डोक्यापासून सुरू करून ओळीने खाली उतरत जातात. प्रत्येकाला मथळा, मग तपासणी: जखमेत बोट घाल, चाचपून बघ, मान वळवता येते का विचार. मग निकाल आणि मग उपचार. पहिल्या दिवशी ताजं मांस बांध, नंतर रोज मध आणि चरबी. मंत्रतंत्र जवळपास नाहीच.

निकाल तीनच प्रकारचे. 'हे दुखणं मी बरं करीन.' 'या दुखण्याशी मी झुंजेन.' आणि 'या दुखण्यावर उपचार करायचा नाही.'

"साध्य, कृच्छ्रसाध्य, असाध्य," वन्सं पटकन म्हणाल्या. "चरकात हेच आहे. मधे याप्य म्हणून आणखी एक, औषधावर रेटत राहायचं असं."

सहावी केस: कवटी फुटून मेंदू उघडा पडलाय. वितळलेल्या तांब्यावर सुरकुत्या येतात तसा दिसतो, आणि बोटाखाली तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा उडतो. मेंदूबद्दल माणसाने लिहिलेल्या, आज हाती असलेल्या ओळींत या सर्वांत जुन्या. निकाल तिसरा. एकतिसावी केस: मानेचा मणका सरकलाय, हातपाय जाणवत नाहीत, लघवी आपोआप होते. निकाल तिसरा. पंचेचाळिसावी: छातीवर गार, टणक गाठी. उपचार नाही.

माझं डोकं त्या तिसऱ्या निकालापाशी अडकलं. बरं करता येणार नव्हतं तर एवढं बारकाईनं लिहिलं कशाला? काही देण्यासारखं नाही हे ठरल्यावरही तो माणूस पाहत राहिला आणि लिहीत राहिला. अठ्ठेचाळिसाव्या केसला, पाठीच्या कण्यापाशी, नक्कल करणाऱ्याने वाक्य अर्ध्यात सोडलंय. पुढे कोरं. जेवायला उठला असेल, आणि परत आलाच नाही.

संध्याकाळी नदीपलीकडे देर अल-मदिनाला. राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांची वस्ती, घरांच्या पायाच्या भिंती अजून उभ्या. या लोकांचं हजेरीपत्रक सापडलंय! दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचं, चुनखडीच्या चिपेवर. सध्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. तारीख काळ्या शाईत आणि तिच्या डोक्यावर गैरहजेरीचं कारण लाल शाईत: विंचू चावला. डोळे आलेत. बिअर करतोय. आईचं प्रेत गुंडाळतोय. एकजण दुसऱ्यांसाठी औषधं करण्यात गुंतलाय, म्हणून कामावर नाही. सरकारी वैद्य असेलही कुठे, पण वस्तीचा डॉक्टर हा होता. आणि लाल शाईचा तो शेरा लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

दिवस पाचवा, कोम ओम्बो

नदीच्या वळणावरचं देऊळ, अर्धं मगरीच्या देवाचं, अर्धं ससाण्याच्या. मागच्या भिंतीवर ते सुप्रसिद्ध शिल्प: एका चौकटीत शस्त्रक्रियेची हत्यारं मांडलेली. आमच्या गाईडने 'फेरोंचं', म्हणजे जुन्या इजिप्तच्या राजांचं, 'ऑपरेशन थिएटर' असं जाहीर केलं. वन्संनी चष्मा पुसला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. चिमटे, सुऱ्या, चमचे, तराजू, आणि ही दोन तर तुंबडीची भांडी! आजीच्या वेळी आमच्याकडे तुंबडी लावणारा यायचा, म्हणून ती लगेच ओळखली.

पण भिंत रोमन अमलातली आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाची. तोवर अलेक्झांड्रियात ग्रीक वैद्य येऊन चार शतकं उलटली होती. तेव्हा ही मांडणी फेरोंची म्हणणं म्हणजे ससूनची इमारत शिवकालीन म्हणण्यासारखं. शिवाय काही अभ्यासकांच्या मते ही पूजेची उपकरणं आहेत. वन्संना हे मुळीच पटलं नाही. "पूजेला चिमटे कशाला लागतात? आणि शेजारी त्या दोन बाया बाळंतपणाच्या खुर्चीवर बसल्यात, त्या कशाला?" मी वाद घातला नाही, ऊन फार होतं.

दिवस सहावा आणि सातवा, कैरोमार्गे अलेक्झांड्रिया

इथं पाहायला काही नाही, आणि आमच्या विषयातलं सगळ्यात मोठं काम इथंच झालं. इ. स. पू. तिसऱ्या शतकात हेरोफिलस आणि एरासिस्ट्राटस या ग्रीक वैद्यांनी या शहरात माणसाची प्रेतं फाडून पाहिली. ग्रीसमध्ये तेव्हा हे कुणी करू धजत नव्हतं. हेरोफिलसने मज्जातंतू वेगळे ओळखले, बुद्धीचं ठिकाण मेंदू म्हणून सांगितलं, पाणघड्याळ लावून नाडी मोजली. जठराच्या पुढचं आतडं त्याने बोटांनी मापलं, बारा बोटं भरलं, आणि तेच नाव डॉक्टर आज ड्युओडेनम म्हणून घेतात. कैदी जिवंतपणी चिरले असंही रोमन लेखक सेल्सस लिहून गेलाय. वन्संना ते वाचून दाखवलं, त्या समुद्राकडे बघत राहिल्या.

त्या दोघांची पुस्तकं सगळी हरवली. दुसऱ्यांनी उतरवून घेतलेल्या तुकड्यांवरून कळतं तेवढंच. २००२ मध्ये उघडलेलं नवं ग्रंथालय सुरेख आहे, पण मला बाहेर बसून राहावंसं वाटलं.

दिवस आठवा, अथेन्स

अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, नाट्यगृहाच्या डोक्यावर, अस्क्लेपिअसचं ठाणं आहे. चार खांब, एक झरा. गर्दी सगळी वर पार्थेनॉनच्या देवळाकडे, इथं आम्ही दोघी आणि एक मांजर.

इ. स. पू. ४३० मध्ये या शहरात साथ आली. इतिहासकार थ्युसिडिडीस स्वतः आजारी पडला आणि वाचला. तो लिहितो की सगळ्यात जास्त वैद्यच मेले, कारण रोग्याजवळ तेच जात होते. देवळांतल्या याचनांचा काही उपयोग झाला नाही, हेही लिहितो. मग लक्षणं एकामागून एक देतो, डोकं तापण्यापासून. ही साथ पुन्हा आली तर ओळखता यावी एवढ्यासाठी. आणि दहा वर्षांनी, ४२० मध्ये, त्याच शहरात अस्क्लेपिअसला गाजावाजा करून इथं आणून बसवलं. करोनानंतर हे वाचताना कुणाला हसावं ते कळत नाही.

राष्ट्रीय संग्रहालयात अर्किनॉस नावाच्या माणसाने वाहिलेली शिळा पाहिली. एकाच दगडात तीन अर्किनॉस: एकाच्या खांद्यावर देव उपचार करतोय, दुसरा झोपलाय आणि साप तोच खांदा चाटतोय, तिसरा उभा राहून हात जोडल्यासारखा. देवाला वाहिलेले दगडी पाय, कान, डोळेही ठिकठिकाणी आहेत. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय मिळतात ते आठवलं. माझ्या सासूबाईंनी देवीला चांदीचे डोळे वाहिले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नंतर वन्संनीच करवून घेतलं, पण श्रेय चांदीला गेलं.

दिवस नववा, एपिडॉरस

बसने दोनेक तास, संत्र्यांच्या बागा. सगळे जातात ते तिथल्या नाट्यगृहासाठी. मधोमध नाणं टाकलं तर शेवटच्या पायरीवर ऐकू येतं म्हणे. आम्ही वर गेलो तर खाली शाळेची पोरं गात होती, नाणं कुठलं ऐकू येणार.

खरी गोष्ट खाली, पाइनच्या झाडीत. पेशंट यायचा, आंघोळ, नैवेद्य, आणि रात्री लांबलचक पडवीत झोपायचा. स्वप्नात देव यायचा, कधी साप किंवा कुत्रा. सकाळी बरा. बरे झालेल्यांच्या हकिकती दगडावर कोरून लावायचे. पॉसेनियस नावाच्या ग्रीक प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात असे सहा दगड पाहिले. आज सत्तरेक हकिकती वाचता येतात, आणि दगड तिथल्या लहानशा संग्रहालयात आहेत.

पहिलीच हकिकत क्लिओची. पाच वर्षं गरोदर. इथं झोपली, बाहेर पडली, मुलगा झाला, आणि त्या मुलाने जन्मल्या जन्मल्या झऱ्यावर स्वतः आंघोळ केली. पाच वर्षांचाच तो! एका गृहस्थाची बोटं लुळी होती आणि त्याने या दगडांची चेष्टा केली. देवाने बोटं बरी केली पण नाव ठेवलं 'अविश्वासू'. अथेन्सची एकाक्ष अँब्रोसिया हसली, तर दृष्टी देऊन दंड म्हणून तिच्याकडून चांदीचं डुक्कर घेतलं. मूर्खपणाची आठवण राहावी म्हणून. कोरणाऱ्याला विनोदाची जाण होती.

नंतरच्या काळातला एक दगड वेगळाच. अपेलास नावाच्या, अपचनाने त्रासलेल्या माणसाला देव सांगतो: अनवाणी चाल, पळ, चीज आणि पाव खा, लेट्यूस खा, नोकराशिवाय स्वतः आंघोळ कर. वन्सं मोठ्याने हसल्या. "हे मी रोज सांगते. फक्त माझं कुणी कोरून ठेवत नाही."

पण या दगडांवर मेलेला एकही नाही. मी दोनदा बघितलं. न सुधारलेलाही नाही. आणि पॉसेनियस कारण सांगून ठेवतो: या कुंपणाच्या आत मरायला आणि बाळंत व्हायला बंदी होती. आशा सुटलेला माणूस बाहेर.

मला एक खासगी दवाखाना आठवला, नाव नको. माझी भाची तिथं नोकरीला होती. पेशंट हाताबाहेर गेला की नातेवाइकांची सही घेऊन 'डामा' लिहायचे, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेला, आणि ॲम्ब्युलन्समध्ये चढवायचे. मयत रजिस्टर कायम कोरं. भिंतीवर मात्र आभाराच्या फ्रेमा. वन्संना म्हटलं तर त्या चिडल्या. "सगळेच तसे नसतात, वहिनी." तसं मी म्हटलंच नव्हतं. परतीच्या बसमध्ये आम्ही फारसं बोललो नाही.

दिवस दहावा, अकरावा, कोस

पिरेअसहून रात्रीची बोट. सकाळी कोस, समोर तुर्कस्तानचे डोंगर.

गावात प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसचं झाड आहे. त्याच्या सावलीत तो शिकवायचा म्हणतात. खोड पोकळ, फांद्यांना लोखंडी टेकू. झाड आहे पाचेकशे वर्षांचं आणि तो जन्मला इ. स. पू. ४६० च्या सुमारास, म्हणजे हिशोब जमत नाही. गावाबाहेर चारेक किलोमीटरवर टेकडीचे तीन टप्पे करून बांधलेलं अस्क्लेपिअसचं मोठं ठाणं १९०२ मध्ये उकरून काढलं. तेही तो गेल्यानंतरचं. वरच्या टप्प्यावर उभं राहिलं की सुरूच्या झाडांतून समुद्र दिसतो. वारा सुरेख होता.

मी पिशवीतून भाषांतर काढलं. हिप्पोक्रॅटिसच्या नावावर साठेक ग्रंथ आहेत, अनेक हातांनी लिहिलेले. कोणता त्याचा ते सांगता येत नाही. त्यांतला एक फेफऱ्यावर. लोक त्याला पवित्र रोग म्हणायचे. लेखक पहिल्याच वाक्यात सांगतो की इतर रोगांपेक्षा यात दैवी असं काही जास्त नाही. मग मांत्रिकांची चंपी: रोगी बकरीसारखा ओरडला तर ते म्हणतात देवमातेचा कोप, घोड्यासारखा ओरडला तर समुद्रदेव पोसायडनचा. वन्सं ऐकता ऐकता ताठ बसल्या. फेफरं आलेल्या पोराला चप्पल आणि कांदा हुंगवणाऱ्यांशी भांडण्यात त्यांची अर्धी हयात गेलीय. "किती वर्षांपूर्वी लिहिलंय हे?" चोवीसशे, मी म्हटलं. "आणि माझ्याकडे गेल्या आषाढात एकाला चप्पल हुंगवूनच आणलं होतं."

मग त्याच ग्रंथांतली साथींची टिपणं. पहिल्या आणि तिसऱ्या भागात ४२ रोगी, नावागावासकट, दिवसागणिक नोंदी. पहिलाच फिलिस्कस, तटाजवळ राहणारा. पहिल्या दिवशी ताप. दुसऱ्या दिवशी सगळं वाढलं. लघवी काळी. श्वास कसा, तर मोठा आणि विरळ, घ्यायचा राहून गेला आणि मग आठवला, असा. सहाव्या दिवशी मेला.

"हा श्वास मी पाहिलाय," वन्सं म्हणाल्या. "असाच."

४२ पैकी २५ मेले. आणि लिहिणाऱ्याने २५ च्या २५ लिहिले. औषध काय दिलं, ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलंही नाही.

बराच वेळ गेल्यावर वन्संनी त्यांच्या पहिल्या वर्षातली एक बाई सांगितली. मी त्यांना तीस वर्षं ओळखते, ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. बाळंतपण, पावसाळा, ओढ्याला पाणी. कितव्या तासाला काय झालं ते सगळं त्यांना आठवत होतं. "कुठं लिहिलं नाही," म्हणाल्या. "लिहिलं असतं तर दुसऱ्याला दाखवता आलं असतं."

मी काही बोलले नाही. खाली येऊन लिंबू सरबत प्यालो. महाग होतं.

दिवस बारावा, परतीची बोट

डेकवर गार वारा. वन्संनी माझी डायरी मागितली. "तुमच्या रजिस्टरला रकाने कसे असायचे?"

मी आखून दिले. अनुक्रमांक, तारीख, नाव, वय, गाव, तक्रार, तपासणी, औषध, शेरा. पान संपत आलं म्हणून शेऱ्याला बोटभर जागा उरली.

"हा रुंद करा," त्या म्हणाल्या. "गाव बारीक चालेल. आमच्याकडे सगळे तिथलेच असतात."

मी पान फाडलं आणि पुन्हा आखायला घेतलं. बोट हलत होती, रेघा काही सरळ आल्या नाहीत.